शेळी कुठे उभी आहे?

माझी ऋतुजा आज तिसरीत आहे ती काकांमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण बोलता बोलता मी भरकटते आणि मुख्य तेच राहून जाईल अशी धास्ती वाटते. काकांनी हात दिला म्हणून आम्ही मायलेकी दिल्लीत टिकलो. आता काका कोण, ते सांगते.

"एकदा काय झालं…" असं एखाद्या मुलाने सुरू केलं की काका हाताचा पंजा वर करायचे, चौकातला पोलीस गाडी थांबवतो तसा.

"काय झालं ते नंतर. कुठे झालं?"

मूल बिचारं पाच-सहा वर्षांचं. ते म्हणायचं, जंगलात. काकांचा पंजा वरच. जंगलात कुठे? झाडाखाली. झाड केवढं? सावली कुणीकडे पडलीय? पायाखाली काय लागतंय, माती की पाला? उत्तरं येत गेली की पंजा हळूहळू खाली यायचा. तो मांडीवर टेकला की समजायचं, गोष्ट सुरू करायला परवानगी मिळाली. "साइट तयार," काका म्हणायचे. "आता माणसं आणा."

साइट हा त्यांच्या नोकरीतला शब्द. सरकारी बांधकामाच्या खात्यात त्यांनी जन्मभर नकाशे काढले. दिल्लीतल्या निम्म्या सरकारी क्वार्टरांचे जिने आणि मोऱ्या आपल्या हाताखालून गेल्या असं ते सांगायचे. निम्म्या नसतील, पण बऱ्याच असतील. कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करायचे आणि मान हलवायचे. घरच्या बाईला वाटायचं, घर आवडलं. काका भिंतीची जाडी बघत असायचे.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. तो निवृत्त होतो, पण काम त्याला सोडत नाही. आमच्या काकांचं काम निवृत्तीनंतर विटा-सिमेंटवरून शेळीवर आलं, एवढाच फरक.

शेळीचं असं झालं. आर. के. पुरममध्ये आमच्या सेक्टरच्या बारातघरात, म्हणजे लग्नकार्याच्या सरकारी हॉलमध्ये, दर रविवारी सकाळी मराठी मुलांचा वर्ग भरतो. आईवडील महाराष्ट्रातून नोकरीला आलेले, मुलं दिल्लीतच वाढलेली. मोठ्या मुलांना एक मॅडम लिहायला-वाचायला शिकवतात. लहानांना गोष्टी सांगायला कुणी मिळेना, म्हणून काकांना धरून आणलं. पहिल्या दिवशी त्यांनी गोष्ट सांगितली. शेळी बहिणीकडे जेवायला निघाली आणि उशिरा पोचली. संपली. पुढच्या रविवारी मुलं नवी गोष्ट ऐकायला सरसावून बसली, तर पुन्हा शेळी, पुन्हा बहीण, पुन्हा उशीर. फक्त या खेपेला शेळी वाळवंटात राहत होती.

काकांनी पुढेही कायम ती एकच गोष्ट सांगितली. दर रविवारी जागा बदलायची, आणि जागा बदलली की उशिराचं कारण बदलायचं. वाळवंटात वाऱ्याने वाट पुसली गेली. शिमल्याला जाऊन आलेल्या एका मुलीने शेळीला बर्फात नेलं, तिथे तिचे खूर घसरले. सरोजिनी मार्केटच्या गर्दीतून जाताना शेळीला उशीर का झाला, हे मात्र कुणाला सांगावं लागलं नाही.

मुलांना अंगण माहीत नसायचं, ओसरी माहीत नसायची. कुणी तरी म्हणायचं, काका, अंगण म्हणजे पार्किंग ना? काका त्याला नाही म्हणायचे नाहीत. पार्किंगमध्ये दुपारी सावली कुठे असते, ते विचारायचे. गाडीखाली. गाडीखाली कोण बसतं? कुत्रा. मग शेळी आली तर कुत्रा जागा देईल? नाही देणार. "मग शेळी उन्हात उभी," काका म्हणायचे, आणि सगळ्या वर्गाला शेळीची दया यायची.

एकदा एका मुलाने शेळीला मेट्रोने पाठवलं. काका खूश झाले. सरकता जिना शेळीला जमेल का, तपासणीच्या दारातून जाताना गळ्यातली घंटा वाजेल का, सगळं ठरलं. मग काका म्हणाले, मेट्रोने तर ती वेळेवर पोचेल, मग आपल्या गोष्टीचं काय होणार? मुलगा विचारात पडला. सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता. शेवटी तो गंभीरपणे म्हणाला, "काका, तकनीकी कारणामुळे सेवा बंद आहे." काकांनी उठून त्याच्याशी हात मिळवला.

हे सगळ्यांनाच पसंत नव्हतं. एक बाई होत्या, त्यांचे यजमान बऱ्याच मोठ्या हुद्द्यावर. त्या काकांना म्हणाल्या, आमचा मुलगा किती दिवस झाले शेळीच करतोय, थोडे श्लोक, थोडे संस्कारपण होऊ द्या ना. काका म्हणाले, बिल्कुल. पुढच्या रविवारी शेळी देवळाच्या वाटेने गेली आणि दर्शनाच्या रांगेत अडकली.

बारातघरात शनिवारी बहुतेक लग्न असायचं. रविवारी आम्ही जायचो तेव्हा फरशीवर झेंडूच्या पाकळ्या, कोपऱ्यात छोल्यांचा वास, खुर्च्या ओढल्याच्या रेघा. मोठ्या मुलांच्या मॅडम झाडून घ्या म्हणायच्या. काका झाडू देत नसत. आधी मुलांना फिरवून विचारायचे, इथे काल काय झालं ते सांगा. नवरा-नवरी कुठे बसली होती? पाकळ्या जिथे जास्त. म्हातारी माणसं कुठे बसली होती? पंख्याखाली, कारण तिथे पानाचे डाग. जेवायला सगळ्यांत आधी कोण धावलं? यावर वाद व्हायचा, कारण पुरावा नसायचा. काका म्हणायचे, "जागा सगळं सांगते. फक्त विचारावं लागतं."

मी या वर्गात अगदी मागे, भिंतीला टेकून बसायचे. ऋतुजाला सोडून घरी जायचं आणि पुन्हा आणायला यायचं म्हणजे मोठा रस्ता ओलांडायचा, आणि मला त्या रस्त्याची भीती वाटायची. एकदा आले की बसूनच राहायचं, परत जाताना कुणाच्या तरी सोबतीने जायचं. खरं म्हणजे तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. टीव्हीवरची हिंदी कळायची, भाजीवाल्याची कळायची नाही.

आम्ही लातूरकडच्या एका खेड्यातले. हे इथे एका केंद्र सरकारी कार्यालयात गाडी चालवतात. आधी एकटेच राहायचे, मग नोकरी पक्की झाली, क्वार्टर मिळालं, आणि आम्हा दोघींना घेऊन आले. माझी शाळा आठवीत सुटली. मला एक वर्ष मागे बसवलं होतं. नव्या वर्गातल्या पोरी माझ्या खांद्याला लागायच्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी गेलेच नाही, आणि घरात कुणी जा म्हणालंही नाही. एवढंच.

दिल्लीत पाय ठेवला तेव्हा माझ्या मनात एकच होतं, लेकरू हरवलं तर? म्हणून मी ऋतुजाकडून पत्ता पाठ करून घेतला. आर. के. पुरम, मग सेक्टर, ब्लॉक, क्वार्टर, दुसरा मजला. वेणी घालताना, न्हाऊ घालताना, जिना चढताना मी मध्येच विचारायची, कुठं? की तिने सगळा पत्ता घडाघडा म्हणायचा. चुकली तर पुन्हा. ती इतकी तयार झाली की मी दुसऱ्याच कामाने "कुठं गं" म्हणून हाक मारली तरी आतून पत्ता यायचा. हे हसायचे. मला बरं वाटायचं.

ती पहिलीत गेली आणि काही महिन्यांनी शाळेतून बोलावणं आलं. तिच्या मॅडम वाईट नव्हत्या, आवाजही मऊ होता. त्या मऊ आवाजातच त्यांनी सांगितलं, की बच्चीला कहानी समझत नाही. चित्राचं कार्ड दाखवून विचारलं, कहानी कहाँ की है, तर ती घरचा पत्ता सांगते. नदीचं चित्र दाखवा, शेताचं दाखवा, पत्ताच. एक साल और केजी में बिठा देते हैं, छोटी ही तो है, असं त्या म्हणाल्या. महिनाअखेरीला पुन्हा एकदा बघायचं, मग ठरवायचं.

मी मान हलवली. दुसरं काही मला येत नव्हतं. घरी येईपर्यंत डोक्यात तेच चाललेलं. मागे बसवणार. मागे बसवलेली मुलगी पुढे कुठे जाते, ते मला चांगलं माहीत होतं.

वाईट हे, की तो प्रश्न मलाही नीट कळला नव्हता. चित्रातली गोष्ट कुठली, याला काय उत्तर द्यायचं असतं? ह्यांनी सोपा उपाय काढला. नदी दिसली की नदी म्हण, असं तिला शिकवलं. तिने ते मनापासून पाठ केलं. मग सगळ्याच चित्रांना नदी झाली. दुकानाला नदी, रेल्वेला नदी. ह्यांनी कपाळावर हात मारला आणि ड्यूटीला गेले.

त्याच्या पुढच्या रविवारी काकांनी वर्गात ऋतुजाला पहिल्यांदाच उभं केलं. तोवर ती कुणाच्या तरी मागे लपून बसायची. काकांनी विचारलं, सांग बेटा, आज शेळी कुठे उभी आहे?

ऋतुजाने हात अंगाशी चिकटवले आणि घडाघडा आमचा पत्ता म्हटला. क्वार्टर नंबरासकट.

वर्ग खो खो हसला. मी मागे ओढणी तोंडाला लावून खाली बघत बसले. काका हसले नाहीत. त्यांनी पंजाही वर केला नाही. जिना चढून डावीकडचं घर की उजवीकडचं, एवढंच विचारलं. ऋतुजाने डावा हात दाखवला.

"अच्छा," काका म्हणाले, आणि खिशातून खडू काढून खाली वाकले.

गुडघे दुखायचे त्यांचे. तरी वाकत, सरकत, मध्येच कण्हत त्यांनी बारातघराच्या फरशीवर आमचं घर काढलं. वहीत काढतात तसं नव्हे, खऱ्या मापाचं, आत माणूस फिरेल एवढं. हे दार, ही बाहेरची खोली, हा स्वयंपाकाचा ओटा, ही मोरी, ही मागची गॅलरी. काका आमच्या घरी कधी आले नव्हते. पण खिडकी जिथे आहे तिथेच होती. दार उघडलं की भिंतीला आपटतं, तेसुद्धा त्यांनी खडूने वाकडी रेघ मारून दाखवलं. आदल्या दिवशीच्या लग्नातल्या पाकळ्या आमच्या मोरीत पडल्या होत्या.

"घे शेळीला घरात," ते ऋतुजाला म्हणाले.

मेट्रोवाला मुलगा शेळी झाला. ऋतुजाने दार उघडलं आणि आधी त्याला बूट काढायला लावले. बाहेरच्या खोलीत ती त्याला थांबू देईना, कारण पप्पा रातपाळी करून झोपलेत. स्वयंपाकघरात नेलं तर तिथे आई भाकरी थापतेय. मोरीत नेलं तर शेळीला वळता येईना. तो मुलगा खरोखर चार पायांवर वळून बघत होता, आणि पाय रेघेवर पडला की सगळे ओरडायचे, भिंत फुटली, भिंत फुटली. शेवटी शेळी गॅलरीत आली. तिथे खायला काय? कुणी तरी म्हणालं, तुळस. ऋतुजाने मान हलवली, तुळशीला आई हात लावू देत नाही. मग ती त्या खडूच्या गॅलरीत नुसती उभी राहिली. सगळे वाट बघत होते. काका पण.

"काका, शेळी इथं नाही राहत."

"मग कुठे राहते?"

"आजीकडं."

"आजीचा पत्ता सांग."

ऋतुजा अडली. आजीच्या घराचा पत्ता मी तिच्याकडून कधी म्हणून घेतला नव्हता. तिथे ती हरवेल अशी मला भीतीच नव्हती. ती आठवत राहिली, आठवत राहिली, आणि म्हणाली, "पत्ता नाही. कडुलिंब आहे."

काकांनी खिशातला रुमाल काढला आणि आमचं क्वार्टर पुसायला सुरुवात केली. भिंती गेल्या, मोरी गेली. मोकळ्या झालेल्या फरशीवर त्यांनी नुसतं एक दार काढलं आणि खडू ऋतुजापुढे धरला. कडुलिंब कुठे आहे, दाखव.

ऋतुजा म्हणाली, दाराच्या उजवीकडं.

"डावीकडं," मी म्हणाले.

मी बोलले हे मला सगळ्यांनी माना वळवल्यावर कळलं. त्या खोलीत माझा आवाज तोवर कुणी ऐकला नव्हता. मला वाटलं, आता उठून निघून जावं. पण ऋतुजा हटेना, उजवीकडंच म्हणाली. आणि कडुलिंब डावीकडेच आहे, मी त्याच्या खाली धान्य निवडलेलं आहे, मी तरी कशी हटणार? काका आमच्या दोघींच्या मध्ये खडू घेऊन उभे. त्यांनी मला पुढे बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "ऋतुजाची आई, तू कुठून बघतेयस?"

मी डोळे मिटले. आणि मला दिसलं, की मी रस्त्यावरून येतेय. लग्न होऊन आले त्या दिवशी जीप रस्त्यावर थांबली होती. समोर घर, डाव्या हाताला झाड, झाडाखाली बायका उभ्या राहून मला बघत होत्या. इतकी वर्षं त्या घरात राहिले, पण घर आठवलं की मी अजून रस्त्यावरूनच त्याच्याकडे जाते. ऋतुजा तर त्या घरात जन्मली. ती उंबऱ्यातून बाहेर बघते. तिच्या बाजूने झाड उजवीकडेच.

हे मी जसं सुचेल तसं सांगितलं. काकांचा चेहरा असा खुलला, की लॉटरी लागली असती तरी खुलला नसता.

"दोघी बरोबर," ते वर्गाला म्हणाले. "एक आतून बघते, एक बाहेरून. साइट एकच."

मग त्यांनी झाड काढलं आणि मला विचारत सुटले. पाण्याची डोणी कुठे? दगड आहेत का, दुपारी तापतात का? संध्याकाळी सावली कुठवर येते? मी सांगत गेले. पडवीपर्यंत येते, मग सासूबाई बाज बाहेर काढतात. दिल्लीत आल्यापासून मी इतकं सलग कुणाशी बोलले नव्हते. शिकवायचं म्हणून ते विचारत नव्हते, त्यांना खरंच हवं होतं. रेघ ओढता ओढता म्हणाले, मला गावच नाही गं. वडील नोकरीला इथे आले, मी क्वार्टरात जन्मलो, क्वार्टरांचीच नोकरी केली. ज्याला गाव आहे त्याने मला दाखवायचं.

आणि शेळीला उशीर का झाला? ऋतुजाने सांगितलं. शेळी निघण्याआधी जरा सावलीत बसली. सावली सरकली, म्हणून शेळी सरकली. पुन्हा सावली सरकली, पुन्हा शेळी. असं करत ती झाडाभोवती फिरत राहिली आणि दिवस मावळला.

काका खाली फरशीवरच बसले. त्यांना उठवायला नंतर दोघी-तिघी लागल्या.

त्यानंतर मी त्यांना शाळेचं सगळं सांगितलं. काका म्हणाले, कार्डं दाखवू नकोस, जागा दाखव. दूध आणायला गेलीस, बसस्टॉपवर थांबलीस, तिथे तिला विचार, पायाखाली काय आहे, इथून कोण दिसतं, आणि इथे काय होऊच शकत नाही. हे शेवटचं विसरू नको म्हणाले. त्यामुळे आम्ही दोघी फिरायला लागलो. दुधाच्या बूथवर काय होऊ शकत नाही? झोपता येत नाही, रांग पुढे ढकलते. बसस्टॉपवर? चप्पल काढून बसता येत नाही. बाजाराची जागा बघायची तर मोठा रस्ता ओलांडावा लागणार. ओलांडला. रस्त्याच्या मधल्या कठड्यावर ऋतुजा म्हणाली, इथं थांबता येतं पण राहता येत नाही. मला हसू आलं, आणि त्या हसण्यात उरलेला अर्धा रस्ता पार झाला.

पत्ता मी सोडला नाही. आई आहे मी. फक्त "कुठं?" विचारायचं सोडून "हरवलीस तर काय सांगशील?" असं विचारायला लागले.

महिनाअखेरीला शाळेत काकांनी माझ्याबरोबर यावं असं मी म्हटलं. ते म्हणाले, येतो, पण बोलणार तू. कोट घालून, मफलर गुंडाळून आले. वर्गाबाहेर आम्ही थांबलो होतो तेवढ्यात त्यांनी शाळेची भिंत टकटक करून घेतली आणि नाराजीने मान हलवली. आत लहान मुलांच्या खुर्चीवर बसले, गुडघे हनुवटीला लागलेले, आणि खरंच एक शब्द बोलले नाहीत.

मीच मोडक्या हिंदीत सांगितलं. पत्ता मैंने सिखाया था, मॅडम. खो न जाए, इसलिए. कहाँ पूछा तो यही बोलना, ऐसा मैंने ही बोला था. मॅडम म्हणाल्या, ये आपने पहले क्यों नहीं बताया? पहिल्या वेळी त्या दारातून आत आलेली बाई दुसरीच होती, हे हिंदीत कसं सांगायचं?

मॅडमनी नवं कार्ड काढलं. हलवायाचं दुकान होतं. आत मोठी कढई, कढईपाशी हलवाई, बाहेर काचेला नाक लावून उभी दोन मुलं. कहानी कहाँ की है, बेटा?

ऋतुजाने कार्ड बघितलं, पुन्हा बघितलं, मग मॅडमकडे बघून विचारलं, "मैडम, अंदर से बताऊँ कि बाहर से?"

मॅडमना काही कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे, काका भिंतीकडे. दोनों से बताओ, मॅडम म्हणाल्या.

"अंदर बहुत गरम है," ऋतुजा म्हणाली. "बाहर भूख लगी है."

मॅडमनी कार्ड खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं आणि स्वतःच ते नीट बघितलं. आणखी दोन कार्डं दाखवली, पण ती उगाच, ते मलाही कळत होतं. ऋतुजाला केजीत बसवलं नाही, ती पहिलीतच राहिली.

फाटकाबाहेर आल्यावर मी काकांच्या पाया पडायला वाकले, तर ते दचकून बाजूला झाले. इथे नको, म्हणाले, स्कूटर येतायत.

त्यानंतर वर्गात काकांनी मला कामाला लावलं. वाकणं तुझं, विचारणं माझं, असं ठरलं. मी खडू धरायची, ते खुर्चीतून सांगायचे, डोंगर जरा सरकव, नदीला उतार दे, पाणी वर चढतंय तुझं. पुढे पुढे ते मुद्दाम उशिरा यायला लागले. तू सुरू कर, मी आलोच, असा फोन यायचा. मी सुरू करायची, आणि कधी मान वर केली तर काका दाराबाहेर चौकटीला टेकून ऐकत उभे असायचे. किती वेळचे, कुणास ठाऊक. संस्कारवाल्या बाईंनी एकदा मला विचारलं, तुमचं शिक्षण काय झालंय हो? मी म्हटलं, आठवी. त्या म्हणाल्या, बरं, आमचा पुढच्या रविवारी येईल, त्याला विमानतळ करायचाय. तेवढंच. मी उगाच घाबरले होते.

मागच्या हिवाळ्यात काकांची मुलगी त्यांना नोएडाला घेऊन गेली. गुडघे जिना चढू देईनात, आणि तिच्याकडे लिफ्ट आहे. पोचल्यावर त्यांचा फोन आला तो तक्रारीनेच सुरू झाला. भिंती पोकळ आहेत, म्हणाले, वाजवली की शेजारी दार उघडतात. फार वरचा मजला. खाली माणसं दिसतात पण त्यांचा आवाज येत नाही, त्यामुळे कोण काय करतंय ते कळत नाही. मी विचारलं, बोलायला कोण आहे? ते म्हणाले, लिफ्टमध्ये एक बाई मजले सांगते, पण इंग्रजीत.

आम्ही दोघी जाऊन आलो. आर. के. पुरमहून मेट्रो सरळ जाते, बदलावी लागत नाही, तरी मी अर्ध्या वाटेपर्यंत दांडा घट्ट धरून होते. काका बारीक झालेत. मुलगी-जावई दिवसभर ऑफिसात. त्या टॉवरांमध्ये चार-दोन मराठी घरं आहेत म्हणे. मुलांना मराठी समजते, बोलत नाहीत. काकांनी हे नुसतं सांगितलं. मागितलं काहीच नाही. त्यांना मागायची सवयच नाही. मी नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबासुद्धा धुऊन, पुसून लगेच परत दिला.

परतताना खाली बागेत एक बंद खोली दिसली. वाढदिवसांना देतात म्हणाला गार्ड. बाकी वेळ रिकामीच असते. किल्ली सेक्रेटरींकडे. हे मी त्याला विचारलं आणि त्याने मला सांगितलं, दोन्ही हिंदीत.

काका, त्या खोलीत एक दिवस मी वर्ग भरवणार आहे. सेक्रेटरींना मी भेटेन. त्या चार-दोन घरांची दारं मी वाजवेन. तुम्ही फक्त लिफ्टने खाली यायचं. कधी, ते आज नाही सांगता येत. ऋतुजाची शाळा आहे, ह्यांच्या ड्यूट्या आहेत, इथला रविवार आहे. शनिवार मोकळा करून घेईन. तुमचं देणं आहे माझ्याकडं, आणि ते फिटेपर्यंत तुम्ही कुठं जायचं नाही.